गाणाऱ्या गाढवाचा पुढला भाग

“कुणी वाचून दिली तुला ही चिठ्ठी?” वसंतराव तंबूवाले भिंतीपलीकडं विचारत होते, आणि भिंतीअलीकडं माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली.

भिंत म्हणजे काय, माणसाच्या खांद्याएवढी मातीची. पलीकडं कुणी उसासा टाकला तरी इकडं कळायचं. मी तेव्हा सतरा वर्षांची, नळदुर्गात सून म्हणून येऊन वर्ष झालेलं. आपण मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढल्या सालची ही गोष्ट. पलीकडं गुरुलिंगअप्पा आणि त्यांची बायको हरणाअक्का राहायचे. वसंतरावांचा फिरता सिनेमा होता, मैदानात तंबू ठोकून दाखवायचे. त्या तंबूचा पत्र्याचा भोंगा घेऊन अप्पा गावोगाव दवंडी द्यायचे. दवंडी हा माझा शब्द. ते स्वतः मुनादी म्हणायचे, कारण त्यांच्या चार यत्ता निजामाच्या अमलात, उर्दूत झालेल्या. निजाम गेला आणि जाताना अप्पांचं शिक्षण बी घेऊन गेला. एकेकाळी अख्खी गल्ली ज्यांच्याकडनं सरकारी कागद वाचून घ्यायची, त्यांना आता तंबूची दोन ओळींची मराठी चिठ्ठी लागायची नाही.

ती चिठ्ठी ते मला विचारायचे. म्हणजे मला नाही. शेजारच्या तरण्या सुनेशी बोलणं बरं दिसत नाही, म्हणून ते बायकोला मोठ्यानं सांगायचे, “हरणा, त्या पोरीला विचार, काय लिवलंय.” मी ते पाच हातांवरनं ऐकलेलंच असायचं. तरी हरणाअक्का चिठ्ठी भिंतीवरनं देणार, मी वाचून अक्कांना सांगणार, आणि अक्का मागं वळून नवऱ्यानं आधीच ऐकलेलं त्याला परत ऐकवणार. सगळी रीत पाळून व्हायचं. माझ्या तीन यत्ता झालेल्या. माझ्या सासूबाईंना, मथुराबाईंना, सुनेनं वाचायला बसणं म्हणजे घरात साप निघाल्यासारखं वाटायचं. त्यामुळं हे टपाल त्या देवळात गेल्या की चालायचं. त्या देवभक्त होत्या हे आमचं नशीब.

त्या साली तंबूत गाणाऱ्या जनावरांचा सिनेमा लागला होता. खरीखुरी जनावरं. एक गाढव, एक बकरी, एक कोंबडी आणि एक मांजर. तोंडं हलायची आणि गाणं निघायचं. भाषा कुठली ते खंडोबाला ठाऊक. लोक म्हणायचे, गाढवाच्या टाळूला गूळ चिकटवून त्याचं तोंड हलवून घेतलंय. शेवटी गाढवाचं लग्न लागायचं आणि वरातीत बाकीची जनावरं गात चालायची. गावातल्या कैक वरातींपेक्षा ती बरी होती. निदान कुणी रुसलं नव्हतं.

आठवड्यानं नवा सिनेमा यायचा, तर त्याच्या पेट्या सोलापुरातच अडकल्या. म्हणून वसंतरावांनी चिठ्ठी लिहिली: ‘रविवार, दिवेलागणीचा खेळ. गाणारी जनावरं. पुढे चालू.’ त्यांना म्हणायचं होतं की तोच सिनेमा आणखी चालू राहणार. पण माझ्या माहेरी शाळेच्या मास्तरांकडं एक साप्ताहिक यायचं. त्यातली गोष्ट चोर खिडकीत चढला की नेमकी थांबायची आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘पुढे चालू’. मग पुढल्या आठवड्यात चोर घरात. मला त्या दोन शब्दांचा तेवढाच अर्थ ठाऊक. मी पंडितासारखं सांगितलं, “अक्का, गाढवाच्या गोष्टीचा पुढला भाग येणार हाय.”

अप्पा सायकलवर भोंगा बांधून निघाले. अणदूर, जळकोट करत दोन दिवसांत सात गावं हिंडले. गाढवाचं लग्न तर तुमी बघितलं, पुढं संसार कसा झाला ते रविवारी बघा, असं त्यांनी सात गावांच्या पारावर सांगितलं. वर आपल्या पदरचं गाढव ओरडून दाखवलं. शुक्रवारी अणदूरची चार माणसं बाजाराला आली आणि वसंतरावांना विचारू लागली, बायकापोरांसाठी बैलगाड्या जुंपाव्यात का, का भाग एवढा मोठा नाही. वसंतराव तसेच उठून अप्पांच्या दारात आले, आणि माझी भाकरी चुलीत पडली.

“ती शेजारची…” हरणाअक्का सांगायला लागल्या.

“म्या वाचली,” अप्पा मध्येच म्हणाले.

“तुला मराठी कधीपासनं यायला लागली?”

“मुंबई राज्यात आलो तवापासनं, मालक. हुकूमच आलाय तसा.”

वसंतराव हसले नाहीत. एकच सिनेमा दुसरा म्हणून दाखवला तर लोक तंबूचे खुंटे उपटतील, आणि दाखवला नाही तर आधी उपटतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी त्यांनी निकाल दिला. “रविवारी एक माणूस जरी बोंबलत उठला, तरी भोंगा माझ्या हवाली करायचा आणि परत माझ्या तंबूकडं फिरकायचं न्हाय.”

ते गेल्यावर खरं भांडण लागलं. हरणाअक्कांचं माहेर अणदूरचं. अख्खं माहेर गाडीत बसून येणार आणि त्यांना काय दाखवायचं, जावयाचं थोबाड, असं त्या विचारत होत्या. अप्पा म्हणाले, तेच दाव, त्याला तिकीट न्हाय. मग अक्कांनी आवाज खाली आणला. खाली आणला म्हणजे मला ऐकायला भिंतीला कान लावावा लागला, एवढंच.

“त्या पोरीचं नाव सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“माझा भोंगा गेला तर मी दुसरं काम बघीन,” अप्पा म्हणाले. “तिला दुसरी सासू कुठनं आणू?”

चुलीतली भाकरी मी काढली आणि तशीच खाल्ली. राख लई लागली होती, पण त्या दिवशी मला तीच बरोबर वाटली.

मग दोन दिवस पलीकडनं जे आवाज आले, ते काय सांगावेत. आधी कोंबडी. मग बकरी. मग गाढव, एकदा लहान, एकदा म्हातारं. अप्पांनी तो सिनेमा सोळा वेळा बघितलेला, कुठलं जनावर कधी तोंड उघडतं ते त्यांना पाठ होतं. शनिवारी सकाळी ते इतकं मनापासून ओरडले की कुंभाराच्या गाढवानं गल्लीच्या टोकाहून जबाब दिला, आणि पुढं निम्मा तास दोघं थांबेनात. सासूबाई म्हणाल्या, अप्पाच्या अंगात काहीतरी आलंय, लिंबू उतरून टाका. हरणाअक्का पलीकडनं म्हणाल्या, “लिंबू कशाला, मथुराबाई, दावं द्या एखादं. बांधून तरी ठेवती.”

रविवारी तीस-पस्तीस गाड्या आल्या. एवढ्या गाड्या जत्रेत दिसायच्या. सासूबाई नको म्हणतील असं वाटलं होतं, तर त्याच सगळ्यांत पुढं. गाढवाच्या संसाराचं काय झालं याची त्यांना लई काळजी. तंबूत मध्ये कापड लावलेलं, एकीकडं बाया, एकीकडं गडी, खाली वाळू. वसंतराव मशीनच्या बाजूला उभे होते, एक हात तंबूच्या खांबावर. बहुतेक खांब उपटला तर धरायला.

अप्पांनी मशीनवाल्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. शेवटचं रीळ आधी लाव आणि आवाज बंद ठेव. दिवे गेले. पडद्यावर गाढवाची वरात निघाली, आणि पडद्याच्या बाजूला स्टुलावर उभं राहून अप्पा भोंग्यातनं म्हणाले, लोकहो, गेल्या टायमाला तुमी बापाचं लग्न बघितलं. हे लेकाचं लग्न हाय.

मग गड्यांच्या बाजूनं धोंडीबा उठला. हा धोंडीबा अणदूरचा, हरणाअक्कांचा चुलतभाऊ, कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला रुसणारा.

“ये गुरुलिंगा, हे तर तेच गाढव हाय की.”

वसंतरावांनी खांब घट्ट धरला असणार.

“धोंडीबा,” अप्पा भोंग्यातनं शांतपणे म्हणाले, “तुमचा थोरला बी हुबेहूब तुमच्यावानी दिसतो. त्याला आमी कधी म्हणलं का, तेच गाढव हाय म्हणून?”

तंबू असा हसला की कनाती फुगल्या. धोंडीबाचा थोरला तिथंच बसलेला, तोच सगळ्यांत जास्त हसला. धोंडीबा खाली बसला तो शेवटपर्यंत बसला. मग एका म्हातारीनं कापडाच्या अलीकडनं विचारलं, बकरी बदलली का. अप्पा म्हणाले, बकरी तीच, मावशी, आता आजी झालीया, म्हणून दाढी जरा वाढलीया. आणि मांजर? मांजराचं वय कुणाला कळतंय?

नंतर गाणी. सूर काही विचारू नका, सुराशी अप्पांचं पटायचं नाही. पण गाढवानं पडद्यावर तोंड उघडलं की बरोबर त्या टायमाला ते गायचे:

निजामाचं वझं व्हायलं, आता सरकारचं व्हातो,
राज बदललं, टोपी बदलली, मी कडबाच खातो.

पुढं कुणी कारकून बसले होते, ते आधी एकमेकांकडं बघून मग हसले. कोंबडीनं चोच उघडली तर तिनं गाऱ्हाणं गायलं की अंडं घालते मी, आणि गावभर आरवत हिंडतोय हा. आमच्या बाजूला बाया वाळूवर लोळायच्या बाकी राहिल्या. सासूबाईंनी मला कोपर मारलं आणि म्हणाल्या, “ऐक, कोंबडीला अक्कल हाय.” वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा काही आपणहून सांगितलं ते हे.

रिळं उलटी लावल्यामुळं सिनेमाची सुरुवात आता शेवटाला आली. त्यात गाढव एकटंच रानातनं चालत जातं. आता लग्न होऊन संसार झाल्यावर हे एकटं कुठं निघालं, हे सांगायची पंचाईत होती. अप्पांनी भोंगा परत तोंडाला लावला. मग म्हणाले, “सासुरवाडीहून पळालंय.” गडी उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. वसंतरावांना वाटलं उपटतायत. ते खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे होते असं मशीनवाला नंतर सांगायचा.

गर्दी बाहेर पडली तेव्हा अप्पा भोंगा द्यायला गेले. वसंतराव म्हणाले, ठेव तुझ्याकडंच, बुधवारी अजून सात गावं करायचीत. सोलापूरच्या पेट्या पुढं आल्या, पण महिनाभर त्या कुणी उघडल्या नाहीत. पाचव्या भागापर्यंत गाढव नातवंडांवर आलं होतं. लोहाऱ्याला तंबू गेला तिथं पण अप्पा गेले. तिथल्या लोकांनी पहिला भाग बघितलेलाच नव्हता, तर अप्पांनी थेट तिसऱ्यापासनं सुरुवात केली आणि म्हणाले, आधीचं सगळं नळदुर्गात होऊन गेलं, तुमी उशीर केला. वसंतराव चारचौघांत सांगायचे की पुढला भाग काढायची युक्ती त्यांचीच, चिठ्ठीत लिहून दिली होती. ते काही खोटं नव्हतं.

मला वाटलं होतं, आता अप्पा मला चिठ्ठी दाखवायचे नाहीत. चावडीजवळ शिकलेली बापेमाणसं होती की. पण सोमवारी सासूबाई देवळात गेल्या आणि पलीकडनं आवाज आला, “हरणा, त्या पोरीला विचार, काय लिवलंय.” मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, मग सांगितली. तेव्हा अप्पा म्हणाले, “खाली पुढे चालू न्हाय ना लिवलं? बघाय सांग.” आणि तेव्हापासनं प्रत्येक चिठ्ठीला हा प्रश्न ठरलेला. पंचायतीची असो, निवडणुकीची असो, कुणाची म्हैस हरवल्याची असो.

चार-पाच वर्षांनी तंबू मोडला. वसंतराव सोलापूरला लेकाकडं गेले आणि जाताना भोंगा अप्पांना देऊन गेले. अप्पा मग गावच्या मुनाद्या द्यायला लागले. सरकारी मुनादी असली तरी शेवटाला एकदा गाढवासारखं ओरडल्याशिवाय ते गल्लीतनं हलायचे नाहीत. एका साहेबानं त्यावर हरकत घेतली होती. अप्पांनी त्याला सांगितलं, माणूस बोलला तर कुणी खिडकी उघडत न्हाय, साहेब.

त्यांची शेवटची मुनादी सदुसष्ट सालची. त्या दिवशी दुपारी ते पाठ टेकून पडले ते उठले नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. पण ती सकाळ दुसऱ्या कुठल्याही सकाळीसारखीच होती. मी दोन लेकरांची आई झाले होते, सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली, आता अप्पा सरळ माझ्याशी बोलले असते तर कुणाची काही हरकत नव्हती. हरणाअक्का माहेरी, अणदूरला गेलेल्या. तरी पलीकडनं आवाज आला, “हरणा, त्या पोरीला विचार, काय लिवलंय.”

घरात हरणा नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि मला बी. चिठ्ठी भिंतीवर आली, उडू नये म्हणून वर एक खडा. मी वाचली आणि भिंतीकडं तोंड करून सांगितलं, “अक्का, उद्या सकाळी जनावरांच्या दवाखान्यात लस टोचायला बैल, म्हशी, शेरडं आणायचीत.”

“खाली पुढे चालू न्हाय ना लिवलं?”

“न्हाय लिवलं.”

“गाढवाचं नाव हाय का त्यात?”

“न्हाय.”

“मग ते आपल्या पदरचं घालू,” अप्पा म्हणाले, आणि पायताणं घालून निघाले.

ते आठ गल्ल्या फिरले. बैल, म्हशी, शेरडं म्हणाले आणि प्रत्येक ठिकाणी गाढवं म्हणाले. आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन एकदा ओरडले. कुंभाराचं गाढव उठलं, त्यानं जबाब दिला. मग पलीकडं दार वाजलं, आणि भोंगा खुंटीला अडकवल्याचा पत्र्याचा आवाज भिंतीअलीकडं आला.