टीव्हीपुढची भाऊबीज

आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. मला भाऊ नाही. त्यामुळे कळायला लागल्यापासून मी दर वर्षी संध्याकाळी ताट घेऊन बाहेर येते, बिजेची बारीक कोर बुडायच्या आत शोधते, ओवाळते आणि घरात जाते. त्यात दुःख वगैरे काही नाही. सवय आहे.

आईचं तसं नाही. आईला भाऊ आहे. 'आहे' असंच म्हणायचं, 'होता' म्हणायचं नाही, हे आमच्या घरात कोणी न शिकवता सगळ्यांना येतं. मामा एकाहत्तरच्या लढाईवर गेला आणि परत आला नाही. तार आली ती बेपत्ता असल्याची. मेला असं तारेत नव्हतं, आणि जे तारेत नव्हतं ते आईनं कधी मानलं नाही. तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. आता सत्तरीकडे झुकली आहे.

तिचं माहेर तिवशाजवळचं. तिथे आजी दर भाऊबिजेला मामासाठी पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची. एका वर्षी तिनं स्वतःच सांगितलं, यंदा पाट माळ्यावरून काढू नका. होळीच्या आत आजी गेली. आजार काही नव्हता. ही गोष्ट आईनं मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, पण माझ्या डोक्यातून ती कधी गेली नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पोरगा नाही, पोरगी. हेही सांगून ठेवते. अमरावतीला खोली करून बी.ए. केलं, पुढे इतिहासात एम.ए. केलं, आज अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवते. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

बी.ए.ला असताना सुट्टीत घरी आले, तेव्हा गावात नुकतीच केबल आली होती. एका चॅनेलवर रोज रात्री जेवणाच्या वेळेला जुन्या लढायांचे माहितीपट लागायचे. परीक्षेच्या तयारीच्या नावाखाली मी ते लावून बसले. खरं तर आईबाबांना दाखवायचं होतं की पोरगी काय शिकते. पडद्यावर बर्फात चालणारे युरोपातले सैनिक होते. आई चुलीपासून उठून आली आणि उभ्याउभ्याच पाहत राहिली. मी तिला समजावलं की ही लढाई परमुलखातली आहे, मामा जन्मायच्याही आधीची आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले परीक्षेले पायजे असन ते. मी माणसं पाऊन राह्यली."

त्या दिवसापासून ती रोज पाहू लागली. लढाई कोणाची, साल कोणतं, सैन्य कुठलं, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. तोफा सुटायला लागल्या की ती हातातलं काम करायची. कवायत आली तरी बघायची नाही. सैनिक बसले, उठले, पाणी प्यायला ओढ्याकडे निघाले, की मान वर. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाली, कवायतीत सगळे सारखेच चालतात, माणूस थकला की त्याची खरी चाल दिसते. मामाचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. त्याचा एकच फोटो होता, तो पावसाळ्यात ओल लागून पुसून गेला होता. चाल आठवत होती.

मी तिला दोन-तीनदा साल-सनावळीनं पटवायला गेले. मग सोडून दिलं. बर्फातल्या जर्मनांत तिवशाचा माणूस सापडणार नाही हे मला दिसत होतं. पण ती पाहत होती तोवर ती नीट जेवत होती, हेही दिसत होतं.

त्याच वर्षी दिवाळीत तिनं ते केलं. आधी दर भाऊबिजेला ती निरांजन लावून ताट दारात ठेवायची, आणि गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बाई, किती वर्षं झाली, आता चंद्राले ओवाय. ती म्हणायची, "जिले भाऊ नाही तिनं ओवायाव. मले हाये." त्या वर्षी मात्र माहितीपट सुरू झाला, पाच-सात दमलेले सैनिक झाडाखाली टेकले, आणि आईनं दारातलं ताट उचलून टीव्हीपुढे आणलं. कुंकू काचेला लावलं नाही. अक्षता टाकल्या, तीनदा ओवाळलं, ताट खाली ठेवलं. बाबा बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "आता लाइट गेली असती तं?" आई म्हणाली, "गेली नाही न." दुसऱ्या वर्षापासून बाबा भाऊबिजेच्या दुपारी छपरावर चढून केबलची वायर तपासून ठेवायचे.

बाबा वारल्यावर मी आईला अकोल्याला आणलं. आमचं घर जठारपेठेत. नवऱ्याकडे तीन पिढ्यांची वकिली. माणूस चांगला आहे, पण आईसाठी तो आधी जावई. जावई खोलीत असला की ती सोफ्यावर बसत नाही, दाराजवळ खाली बसते. रिमोटला तर हातच लावत नाही. मग रोज रात्री मीच म्हणायचे, मला उद्याच्या तासाला हे पाहायचं आहे, आणि चॅनेल लावायचे. नवऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तो मुद्दाम विचारायचा, "मॅडम, आज कोणती लढाई?" आणि पेपर घेऊन कोपऱ्यात बसायचा.

हे चाललं होतं तोवर ठीक होतं. मग हळूहळू ते आटायला लागलं. आधी रोजचं आठवड्यावर आलं. त्याच चॅनेलवर जुन्या सामानाचे लिलाव सुरू झाले, मग जंगलात उपाशी राहायची शर्यत, मग गाड्या दुरुस्त करून विकणारे लोक. एक दिवस हिंदीतून लागायचं तेही बंद झालं. मी केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, लढाया कोण पाह्यते आता? त्या घरात कोंडलेल्यांचं पाहा न, रोज ताजी लढाई हाये." मी हसून फोन ठेवला.

त्या घरात कोंडलेल्या लोकांचा रिअ‍ॅलिटी शो आमच्याकडे लागू लागला, कारण नवऱ्याला तो मनापासून आवडतो. वकील माणूस, भांडण दिसलं की बाजू मांडायला लागतो. आई दाराजवळ बसून पाहायची. एका रात्री एका पोराला घराबाहेर काढलं. सगळे गळ्यात पडून रडत होते, तोही रडत होता. आईनं मला हळूच विचारलं, "याले कोठं धाडून राह्यले?" मी म्हटलं, घरी. ती पडद्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "घरी तं चालला. मंग रडते कावून?"

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

त्यानंतर आई टीव्हीकडे पाठ करून बसू लागली. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. बीपीची गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणायची, आणि पाकिटात गोळी तशीच असायची. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. मला ते वयाचं वाटत नव्हतं. आणि दसरा झाल्यावर तिनं विचारायला सुरुवात केली, "भाऊबीज कोणत्या वारी येते?" मी सांगायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आईची स्मरणशक्ती पक्की आहे. ती विसरून विचारत नव्हती.

मला एकच भीती वाटत होती. यंदा आई म्हणेल, चल, मीही येते चंद्राला ओवाळायला. आजीनं पाट काढू दिला नव्हता, तसं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी मध्येच थांबायचे. पोरं म्हणायची, मॅडम, पुढे? घरी आले की आधी आईच्या खोलीत डोकावायचे. ती झोपली असली तर पदर हलतो का ते पाहायचे. हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो थट्टा न करता म्हणाला, "फोनवर सगळं मिळतं. पाडव्याला लावून देतो."

पाडव्याला त्यानं खरंच फोन टीव्हीला जोडला आणि एक जुना माहितीपट लावला. आईला मुद्दाम बोलावलं. ती येऊन दाराजवळ बसली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "हे झालं पाहून. याच्यात नाही तो." मी विचारलं, कधी पाहिलंस? म्हणाली, "गावी. पाय, आता पुलावर दोघं बसते, बिड्या वढत." आम्ही पाहत राहिलो. थोड्या वेळानं पूल आला, आणि पुलावर दोघं बसलेले होते.

नवऱ्यानं दुसरा लावला. तोही झालेला होता. तिसराही. मला वाटत होतं आई रोज नुसती पाहत बसते, कोणतंही लावलं तरी चालेल. ती तर एकेक लढाई तपासून बाजूला ठेवत आली होती. तिला नवं हवं होतं, आणि नवं आता कोणी करत नव्हतं. चौथ्या वेळी नवऱ्याला एक नवं सापडलं. कॉम्प्युटरवर तयार केलेले सैनिक, चकचकीत गणवेश, एका साच्यातले चेहरे. आई जरा पुढे सरकली, मग मागे टेकली.

"हे तं चित्रं हायेत, जवाईबापू," ती म्हणाली. त्याच्याशी ती थेट बोलते हेच नवल. "यायले कोठची आली माय न बहीण?"

नवऱ्यानं टीव्ही बंद केला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी मांडत बसले.

भाऊबिजेच्या दिवशी आईनं सकाळी न सांगता नहाणं केलं, ठेवणीतलं लुगडं नेसली. दुपारी तिनं दोन ताटं मागितली. माझ्या हातातून एक पडलंच. दर वर्षी तिचं ताट असतं आणि माझंही असतं, तेव्हा दोन मागण्यात नवीन काही नव्हतं. पण टीव्हीपुढे ओवाळण्यासारखं यंदा काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. दिवस बुडाला तेव्हा मी माझं ताट घेऊन जिन्याकडे निघाले. मागून तिच्या चपलांचा आवाज आला. गुडघ्यांमुळे ती वर्षभरात गच्चीवर चढली नव्हती. प्रत्येक पायरीला कठड्याला धरून, दुसऱ्या हातात ताट घेऊन ती चढत होती. ताट दे म्हटलं तर दिलं नाही.

पश्चिमेला शेजारच्या अपार्टमेंटच्या टाकीवर कोर दिसत होती. फार वेळ ती राहणार नव्हती. मी निरांजन लावलं. आईनं तिचं ताट कठड्यावर ठेवलं, निरांजन लावलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

"आई, तू..." एवढंच म्हटलं.

"मी कायले ओवायू चंद्राले?" ती म्हणाली. "मले भाऊ हाये."

माझ्या छातीवरचा दगड हलला म्हणेपर्यंत ती पुढे म्हणाली, "पण माह्ये डोये नाही पुरत आता. मोतीबिंदू वाढून राह्यला. आता तू पाय."

मी म्हटलं, कुठे पाहू? कोणी दाखवतच नाही ते आता.

"दाखवन कोणी तरी. तवा मी नसन." हे ती भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मग पदर खोचला. "तू त्याले पाह्यलंच नाही. वळखशीन कशी? इकडे पाय."

आणि ती चालू लागली, चालता चालता सांगत. लहानपणापासून मामा नदीवरून कावडीनं पाणी आणायचा, डाव्या खांद्यावरून. भरतीला जाईपर्यंत. त्यामुळे कावड नसली तरी त्याचा डावा खांदा खाली असायचा, आणि उजवा पाय जरा फेकल्यासारखा पडायचा. हे मला कधी माहीत नव्हतं. आई ते करत होती. गुडघे दुखणारी, मोतीबिंदूची बाई, जिन्याच्या दारापासून कठड्यापर्यंत एका विशीतल्या पोराची चाल चालत होती. तिच्या पायाखाली फटाक्याचे कागद होते. ती वळली आणि परत आली. तोल जाईल म्हणून मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"काय पाह्यलं? तू माह्या गुडघ्याकडे पाऊन राह्यली होती." आणि पुन्हा निघाली.

टाकीकडे माझं लक्ष गेलं तेव्हा कोर बुडाली होती. माझं निरांजन हातातल्या ताटात जळत होतं. त्या वर्षी माझं ओवाळणं राहिलं.

आई दमून पाण्याच्या पाइपावर बसली, श्वास खालीवर होत होता. मी म्हटलं, खाली चल, पुरे झालं. ती उठली नाही.

"आता तू चालून दाखव," ती म्हणाली.

मी ताट कठड्यावर तिच्या ताटाशेजारी ठेवलं. शेजारच्या गच्चीवर लोक होते. मी डावा खांदा खाली केला आणि चालू लागले.

"अजून खाली," आई म्हणाली. "अजून. पाणी भरेल हाये कावडीत."