आधी बॉल, मग नमस्कार

इवाचा फोन आला तेव्हा मी ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या घरी पोहे भिजवत होते. "पपा गेला," ती म्हणाली. माझा पहिला प्रश्न, "कुठे?" "घरीच. खुर्चीत." माझ्या तोंडून चक्क "हुश्श" निघालं. माणूस गेल्याचं कळल्यावर असं कुणी म्हणतं का? पण 'घरीच' या एका शब्दासाठी आम्ही बायकांनी किती दिवस जिवाचं रान केलं होतं... आता काही आठवडे उलटले, तरी मला तसंच हलकं वाटतंय.

इवाचे पपा यानोश, म्हणजे आमचे कोच, दोन घरं सोडून राहायचे. तरुणपणी हंगेरीत मिडफिल्डर. "गोल मारणाऱ्याचा फोटो छापतात, त्याला पास देणाऱ्याचा नाही," हे ते मोठ्या मिजाशीत सांगत. ऑकलंडच्या एका क्लबकडून खेळायला आले, गुडघा गेला, मग तिथेच कोच झाले. पुरुषांच्या कितीतरी टीम्स घडवल्या. पुढे लॅपटॉपवाले तरुण कोच आले आणि यांना हार घालून घरी बसवलं. त्यानंतर पदरात पडलो आम्ही : दोन हजार सालानंतर इथे आलेल्या, पुण्या-मुंबईच्या, आयटीतल्या, चाळिशीला टेकलेल्या आणि फुटबॉलला जन्मात पाय न लावलेल्या बायका.

आमचा रोग त्यांना कळेना. समोरच्या बाईला पाय लागला की आम्ही थांबून नमस्कार करायचो. तोवर ती बॉल घेऊन पसार! "व्हॉट इज धिस? चर्च?" कोच डोकं धरून बसायचे. मी कारण सांगितलं, तेव्हा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ओके. नमस्ते सोडू नका. फर्स्ट बॉल, देन नमस्ते." आणि खरोखर त्याचीच प्रॅक्टिस घेतली. बॉल पुढे ढकलायचा आणि धावता धावता छातीला हात लावायचा.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. एक पाय ओढत चालू लागले. त्यांची मुलगी इवा ब्रिस्बेनहून आली ती रेस्ट होम, म्हणजे इथला वृद्धाश्रम, ठरवूनच. तिचंही काही चूक नव्हतं. एकटा म्हातारा माणूस, पडला तर उचलणार कोण? कोच मला एवढंच म्हणाले, "वैशाली, मला मैदानाबाहेर काढू देऊ नकोस." मला रडू आलं. आम्ही डब्यांच्या, औषधांच्या पाळ्या लावल्या, पण इवा बधेना. शेवटी म्हटलं, "निदान एक मॅच तरी बघ, बाई."

त्या रविवारी आमच्या स्वातीचा पाय समोरच्या पोरीच्या नडगीवर बसला आणि सगळं शिकवलेलं विसरून ती थांबली, वाकली, हात जोडून उभी राहिली. कडेच्या खुर्चीतून कोच ताडकन उठले. काठी राहिली खुर्चीला. "स्वाती! फर्स्ट बॉल!" अख्खं मैदान दचकलं. इवा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घरी त्याचा आवाजच फुटत नाही गं," ती म्हणाली. रेस्ट होमचा विषय त्यानंतर निघाला नाही. इवा अधूनमधून येऊन राहायची, बाकी आम्ही होतोच.

फोन आला तीही तिच्या अशाच मुक्कामातली सकाळ. मी धावत गेले. कोच खिडकीपाशी बसले होते, ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी. एका बुटाची लेस बांधलेली, दुसऱ्याची सुटी... रविवार होता.

"बूट काढायचे का?" इवाने विचारलं.

"राहू देत. मॅचला निघालेत ते."

ती खाली बसली आणि तिने दुसरी लेस बांधली. घट्ट, दुहेरी गाठ मारून.