नानांनी लावलेली शिफ्ट

नाशिकला ठक्कर बाजारच्या स्टँडवर पुण्याची बस लागली, तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून मला नाही, नानांना सांगत होती, "जमलं नाय तर लगेच परत आणा तिला." नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी नुसती मान हलवली. पुण्याहून पुढं आम्हाला रेल्वेनं म्हैसूरला जायचं होतं, मला राहायला घर शोधायला. त्यांच्या खिशात म्हैसूरहून परतीची दोन तिकिटं होती, एक त्यांचं, एक माझं. तिकिटांच्या तारखेपर्यंत मला तिथं घर मिळालं नाही, तर परत यायचं आणि कळवणच्या स्थळाला होकार द्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं त्यांनी. मी फक्त नाही म्हटलं नव्हतं.

स्थळ वाईट नव्हतं. पण मुलाची आई पोहे खाताना म्हणाली होती, "घरबसल्या काम करते ना, बरंय. घर पण सांभाळून होईल." मी माझी बशी तशीच आत नेऊन ठेवली.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे माझं काम. फाइली नेटवरून रात्री यायच्या, पहाटेपर्यंत परत पाठवायच्या. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत याला कुणी कामच मानत नसे. सकाळी जरा डोळा लागला की देवळ्याची आत्या हजर. "वैशू, ऊठ, पाहुणे आलेत. घरीच तर असती." वर लोडशेडिंग होतंच. म्हणून मी दुसऱ्या गावी खोली घेऊन राहायचं म्हटलं.

बंगळूरला मामेभाऊ होता, म्हणजे दर रविवारी हजेरी आणि सोमवारी नाशिकला बातमी. म्हणून ते बाद. म्हैसूरला लाइट फारशी जात नाही, भाडं झेपतं, असं ट्रेनिंगमधली मैत्रीण म्हणाली होती. तिसरं कारण मी पोटातच ठेवलं: तिथं आपलं एकही माणूस नव्हतं. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना हे समजावून सांगायला नको. मागे राहिलेल्यांना राग येईल. येऊ दे.

नाना म्हणायचे, "घरात बसूनच करायचंय ना काम? मग आपलं घर काय वाईट हे?" उत्तर होतं माझ्याकडे, पण ते आईसमोर देण्यासारखं नव्हतं.

म्हैसूरच्या घरमालकांनीही तेच विचारलं, हिंदीत. एकटी का? ऑफिस कुठं? ऑफिस नाही म्हटलं की दार हळूच लोटलं जाई. एकानं तर, मुलीची जात रात्री जागून कसलं काम करते, असं विचारत नानांकडे अशा नजरेनं पाहिलं, की नाना तिथून तडक बाहेर पडले. मग ते आईसाठी चंदनाचा साबण बघायला लागले. त्यांच्या मनानं परतीचा प्रवास सुरू केला होता, असं वाटून मला त्यांचा संताप आला.

शेवटच्या दिवशी एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंकडे गेलो. वरची खोली रिकामी होती. मी काम समजावून सांगू लागले, तर बाईंनी मला थांबवलं आणि नानांना विचारलं, "आप बताइए. ये रात को क्या करती है?"

संपलं, मला वाटलं. नाना नुसतं 'मालूम नहीं' म्हणाले असते तरी खोली हातची जाणार होती. पण ते कारखान्यातल्या हिंदीत म्हणाले, "मैडम, मैंने जिंदगीभर शिफ्ट किया. इसका भी शिफ्टच है, नाइट का. दिन में इसको उठाने का नहीं. मेहमान आया तो भी नहीं."

नाना नाइटला असले की दिवसा आमच्याकडे रेडिओ बंद, कुकर बंद. आम्ही भावंडं भांडायचो तेही खुणांनी. सातपूरला घरोघरी हीच रीत. म्हणजे माझी झोप मोडताना नाना बघत होते, त्यांना कळतही होतं. मग घरी का नाही बोललात, असं ओरडावंसं वाटलं. पण बाई किल्ली आणायला आत गेल्या होत्या. मी माझी पिशवी उचलली.

माझं तिकीट रद्द करून नाना एकटे निघाले. "आईला काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगतो, ड्यूटीवर हजर झाली," म्हणाले, आणि तोंड फिरवून डब्यात चढले.

आता मला कन्नड येतं, रोजच्या जेवणात सारू, म्हणजे तिथलं पातळ सार, लागतं. म्हैसूरला मी दिवसा गाढ झोपते, म्हणून घर तेच म्हणायचं. नाशिकला गेले की मात्र डोळा लागत नाही. बाहेर आत्या आलेली असते, आणि आई तिला दबक्या आवाजात सांगते, "हळू बोला, झोपू द्या. चार दिवसांची पाहुणी हे." मी आत टक्क जागी असते. कुणीतरी येऊन हक्कानं पांघरूण ओढावं, म्हणून वाट बघत पडते. कुणी येत नाही.