ओवीच्या बेन

बेन कुठल्याही मुलाजवळ बसण्याआधी त्याची परवानगी घ्यायच्या. "बसू का तुझ्याजवळ?" मूल बोलत नसलं तरी विचारायच्या. त्यानं तोंड फिरवलं तर पदर खोचून उभ्याच राहायच्या, गुडघे दुखत असले तरी. आडनाव परांजपे, घरी चोख मराठी. पण जन्म बडोद्यातला, तिथं ताईला बेन म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या त्या बेनच.

आमची ओवी स्वमग्न आहे, बोलत नाही. सहा वर्षांची असताना ती स्वतःच्या कपाळावर मुठी मारून घ्यायला लागली. मी बडोद्यातच, प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात कामाला. ड्यूटीवरून आलो की बायको दारातच रडत उभी असायची. हात बांधून ठेवा, असं कुणीतरी सुचवलं होतं. वर्तनोपचार केंद्रात तिथं मुलांना शिकवणाऱ्या बेन पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी तेच विचारलं.

"हात बांधले तर मारणं थांबेल, भाऊ. पण ती ज्यापायी मारतेय ते थांबेल का? आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून या. दुखत असेल तर मी तिला काय शिकवू?"

दाढ आतून पार किडली होती. ती काढल्यावर मारणं बरंच कमी झालं. बायको त्या दिवशी ओवीच्या गालावरून हात फिरवत राहिली. जेवली नाही.

उरलेलं मारणं थांबावं म्हणून बेननी उपाय सुरू केला. हात शांत ठेवले की ओवीला आवडती नानखटाई मिळायची. थोड्याच दिवसांत ती हात न हलवता बसू लागली. आम्ही खूश, बेन मात्र नव्हत्या. "मारत नाही हे खरं. पण तुमच्या कुशीत यायचीही थांबलीय ती, पाहिलंत? उपाय माझाच होता, चुकला. आजपासून बंद." मग त्यांनी तिला 'नको'चं चित्र दाखवायला शिकवलं आणि आम्हाला ते 'नको' ऐकायला. ओवीनं पहिल्यांदा ते चित्र दाखवलं तेव्हा बायकोनं तिच्यासमोरचं ताट लगेच उचललं. ओवी चकित होऊन आईकडे बघतच राहिली. तिचं कुणी ऐकलंय, असं तोवर झालंच नव्हतं.

बेन रोजची नोंद मुलासमोरच करायच्या, नंतर आठवून कधी नाही. एकदा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून संचालकांचा आवाज आला, "बेन, आलेख जरा सरखो करी नाखो ने. ट्रस्टी आववाना छे." ट्रस्टी येणार, म्हणून आलेख जरा बरा करून टाका, असं ते सांगत होते.

"नाही साहेब," बेन म्हणाल्या. "त्रास वाढला तर वाढलाच लिहिणार. उद्या काय करायचं ते मी त्यावरूनच ठरवते. खोटं लिहिलं तर उद्याचा उपायही खोटाच."

लवकरच त्यांना केंद्रात येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्याबद्दल त्या आमच्याशी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. मांजलपूरहून स्कूटर घेऊन दर मंगळवारी आमच्या घरी येऊ लागल्या.

मग बेनना पोटाचं दुखणं निघालं. निदान उशिरा झालं. त्या अवस्थेतही त्या रिक्षानं आल्या, एका तरुण शिक्षिकेला सोबत घेऊन. "ओवीचे कागद हिला देऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच." बायकोला हुंदका आवरेना. बेन तिला म्हणाल्या, "रड गं. पण ओवीपासून लपवू नकोस. मी सांगते तिला." आणि ओवीला त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, "मी आजारी आहे. आता येणार नाही. तुझं काही चुकलं म्हणून नाही." ओवी खिडकीकडे बघत होती. किती कळलं, कोण जाणे.

बेन गेल्या त्यानंतरच्या मंगळवारी ओवी दुपारपासून दारात जाऊन बसली. संध्याकाळ झाली, जिन्यात कुणी आलं नाही. मग कितीतरी महिन्यांनी तिनं कपाळावर मूठ मारली. पुन्हा मारली. बायको तिचे हात धरायला धावली. मी तिला अडवलं, ओवीशेजारी खाली बसलो आणि तिच्या कपाळावर माझा तळवा ठेवला. ती माझ्या हातावर मारत राहिली. माझा हात सुन्न होईपर्यंत मी तो काढला नाही.