सिंदीची दारं आणि आमचे साडू

पुण्याहून वर्ध्याला निघालो तेव्हा आश्रम पाहायला चाललोय, असं मी ऑफिसात सांगितलं होतं. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. खरं कारण आमचे साडू मधुकरराव हे होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी बायकोची थोरली बहीण सुमनताई यांचा एसटीडीवरून फोन आला. वीज कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून मधुकरराव प्रार्थनेच्या कुठल्याशा लहान मंडळीत जाऊ लागले होते, आणि आता दर रविवारी पिशवी घेऊन दारोदार लोकांना येशूविषयी सांगत फिरत होते. तुम्ही शिकलेले आहात, येऊन चार शब्द समजावून सांगा, असं ताईंचं म्हणणं. सासुरवाडीत माझ्या शिक्षणाची दखल प्रथमच घेतली जात होती. मी लगेच रजा टाकली.

रात्रभर गाडीत अवघडून सकाळी वर्ध्याला उतरलो आणि रिक्षाने बोरगाव मेघे गाठलं. मधुकरराव फाटकातच उभे होते. शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर वेडाची कुठलीच खूण नाही. माझी थोडी निराशाच झाली. ताईंनी तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) पुढे ठेवले. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. नवऱ्याच्या अवस्थेने मी गहिवरलो असं ताईंना वाटलं आणि त्यांनी आणखी तर्री वाढली.

नंतर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. मुलीला स्थळं येत होती. नागपूरकडच्या एका घरी बोलणी पुढे गेली होती आणि त्या लोकांनी चौकशी केली होती, की मुलीचे वडील रविवारी नेमकं काय करतात.

"देव बदलला तं बदलला, भाऊजी," ताई म्हणाल्या. "पण गावभर सांगून काऊन राह्यले?"

माझ्याकडे योजना तयार होती. दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांच्याबरोबर जायचं, लोक त्यांना हाकलतात ते शांतपणे बघायचं, आणि माणूस पुरेसा खचला की परतीच्या वाटेवर उपदेश करायचा.

पॅसेंजरने आम्ही सिंदी रेल्वेला उतरलो; मधुकररावांची बरीचशी नोकरी याच गावात झाली होती. कापसाचा हंगाम होता. जिनिंग कारखान्याच्या रस्त्याला कापसाने शिगोशीग भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) लागल्या होत्या. कापूस तारांवर, बाभळींवर, माणसांच्या मिशांवर बसला होता. इतक्या मऊ गावात माणसाचा अपमान तरी कसा होणार, अशी मला शंका आली.

पहिलं दार एका किराणा दुकानदाराचं. मधुकररावांना पाहताच तो "बसा, आलोच" म्हणत आत पळाला. मागच्या अंगणात खांबावर टाकलेला तारेचा आकडा खाली पडल्याचा आवाज झाला. धापा टाकत परत येऊन त्याने विचारलं की साहेब, मीटर पाहायचं का. आपण निवृत्त झालोय आणि येशूविषयी बोलायला आलोय, असं मधुकररावांनी सांगितलं. देवाचं नाव ऐकून माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कुठल्या तीर्थक्षेत्रीही पाहिलेला नाही. त्याने पत्रक कपाळाला लावलं, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ठेवलं आणि आम्हाला मूठमूठ शेंगदाणे दिले.

दुसऱ्या घरी एक निवृत्त बौद्ध शिक्षक ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"माह्या बापानं छप्पन साली धर्म बदलला," ते म्हणाले. "साऱ्या जिंदगीचा इचार करून बदलला. आता घडीघडी कोन बदलते? बसा, चहा घ्या."

मग त्यांनी मधुकररावांना एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. चहा दोनदा झाला. निघताना आमच्या पिशवीत त्यांच्या अंगणातले पेरू होते आणि मधुकररावांच्या हातात एक बुद्धचरित्र. प्रचार कोणी कोणाला केला, हे मला नीट सांगता येणार नाही.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मधुकररावांची चाल मंदावली. या गल्लीत आपण अजून गेलो नाही, ते म्हणाले, आणि तरीही वळले. टोकाच्या घरात चाळिशीची एक बाई शिलाई मशीनवर बसली होती. ती उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिने त्यांना ओळखलं.

"आमची लाइन तुमीच कापली होती ना?" तिने विचारलं. "मे महिना होता. माही आई खाटेवर होती. पंखा बंद पडला."

"हाव. मीच होतो."

"मंग आता काय कापाले आले?"

मी मनातल्या मनात रुमाल काढून घाम पुसला. मधुकररावांनी पिशवी खाली ठेवली.

"काई नाई, बाई. मले ध्यानात आहे, इतकंच सांगाले आलो."

तिने या म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. चौकटीला टेकून ती आईविषयी बोलत राहिली: विणलेल्या पंख्याने वारा घालून हात कसे भरून येत, आई त्याही स्थितीत तिलाच कशी नीज म्हणे, पावसाआधी कशी गेली. मधुकरराव उन्हात उभे राहून ऐकत होते. पत्रकं पिशवीतच राहिली. शेवटी ती म्हणाली, "पुस्तकं नका देऊ मले." मग तिने पाणी विचारलं. त्यांनी अख्खा तांब्या रिकामा केला.

प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहताना मी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. कशासाठी करता हे, म्हणून विचारलं.

"साडूभाऊ, सारी नोकरी लोकायच्या दारात उभं राहण्यात गेली," ते म्हणाले. "दार उघडलं का समोरच्याचं तोंड उतरे. कामच होतं थे. आता वाटते, काहीतरी द्याले दार वाजवावं. माह्यापाशी चांगलं म्हणाल तं हेच आहे."

"आणि कोणी घेत नाही त्याचं?"

"नाई घेत तं नाई घेत. आपण न्यावं तं लागते."

मुलीच्या लग्नाचं काय, हेही मी विचारलं. त्याचं उत्तर मात्र माझ्यापाशी नाही, ते म्हणाले. माझं भाषण फार चांगलं तयार होतं. मी शेंगदाणे खाल्ले.

ताईंना मी सांगितलं की माणूस ठीक आहे, जाऊ द्या त्यांना. हे ऐकायला त्यांनी मला पुण्याहून बोलावलं नव्हतं. पुढे नागपूरच्या मंडळींनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं; सहा महिने ती उत्तम जुळत होती. मुलीचं लग्न नंतर दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण त्या उशिराचा दोष ताई अजून माझ्या शिक्षणाला देतात.

निघताना मधुकररावांनी गोरसपाकचे (गाईच्या तुपातल्या खुसखुशीत बिस्किटांचे) दोन पुडे दिले. पुण्याला पोचल्यावर मला वाटलं, एक समोरच्या बिऱ्हाडाला द्यावा. ती माणसं राहायला येऊन काही वर्षं झाली होती आणि पाटीवरच्या आडनावापलीकडे मला त्यांची काही माहिती नव्हती. बेल वाजवली. साखळी सोडेल तेवढंच दार उघडलं आणि फटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्धा चेहरा दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं.

"आम्हाला नकोय," ते म्हणाले आणि दार लागलं.

मधुकरराव असते तर पुढच्या रविवारी परत गेले असते. जिना चढणाऱ्या कोणी पाहिलं तर नाही ना, याची खात्री करून मी घरात शिरलो. गोरसपाक आम्हीच खाल्ला. उत्तम होता.