नाव घालवून द्या

“नाव दिसता कामा नये, मावशी. बोटाला पण लागता कामा नये,” असं म्हणत खांब गावाहून आलेल्या त्या तिशीतल्या माणसानं माझ्या पडवीत गोणी रिकामी केली. हंडा, कळशी, परात, डबे. सगळं स्टीलचं. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘चि. दर्शनास मामाकडून, वडखळ’.

“बायकोची भांडी?”

“व्हय. बहिणीच्या लग्नात द्यायचीत. एकदम नवी दिसली पायजेत.”

रोह्याच्या कंपनीत मी रिटायर होईपर्यंत पॉलिशिंगलाच होते. औषधांच्या टाक्या आतून आरशासारख्या करायच्या, कारण बारीक ओरखड्यातही माल अडकतो. आता पेणला घरीच मोटर बसवलीय.

कोरलेलं नाव घालवायचं म्हणजे ठिपके जितके खोल तितका पत्रा उतरवायचा. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं. ते दिसेनासे झाले की पुढचा पेपर. घाई केली की स्टील तापून निळं पडतं. शेवटी मोटरवर कापडाचं चाक चढवायचं आणि त्याला हिरव्या पॉलिशची वडी लावायची. मग भांड्यात तोंड दिसतं.

दुसऱ्या दिवशी हंडा झाला. कळशी हातात घेतली, तोच तो आईला घेऊन हजर.

“अजून एकच?” म्हातारी ओरडली. “उद्या तिचा मामा भांडी न्यायला येतोय गो! नाव नसलं तरच आमची म्हणता येतील ना!”

“आई, गप!”

मी मोटर बंद केली. “बहिणीचं लग्न ना रे?”

त्याचं खोटं उघडं पडल्याचं म्हातारीला काहीच वाटलं नाही. “सून माहेरी जाऊन बसलीय. वर भांडी पायजेत तिला. तू तुझं काम कर.”

परात उचलून दोघांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. जन्मभर शिकलेलं काम माझ्याकडून चोरीसाठी करून घेत होते! पण तिथं भांडले असते तर गोणी उचलून दुसऱ्याकडे गेले असते. “सकाळी या,” एवढंच म्हटलं.

ते गेल्यावर कंपनीतल्या माझ्या वडखळच्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं विचारत विचारत मामाचं घर शोधलं आणि निरोप दिला.

सकाळी दर्शना आणि मामा टेम्पो घेऊन आधी पोचले. मागून हे मायलेक.

“भांडी मी दिलेली तुमच्याकडं!” नवरा माझ्यावर धावून आला.

“दिलीस ना? मग वाच त्यावर काय लिहिलंय.”

“पोलिसात जाईन!”

“चल, मी पण येते. बहिणीच्या लग्नाचं पण सांगू तिथं.”

तो दोन पावलं मागे सरकला. दर्शना कुणाकडे न बघता डबे टेम्पोत ठेवत होती. ती हंड्याकडे वळली, तसा म्हातारीनं तो झटकन कमरेवर घेतला.

“यावर कुठंय नाव? दाखव!”

“ते मी काढलंय, या हातांनी!” मी ओरडले. “हंडा तिचाच हाय!”

मामा पुढे सरकला. दर्शनानं त्याचा दंड धरला. “राहू दे, मामा. नेऊ दे. पण परत यांच्या दारात जायला नको मला.”

म्हातारी हंडा घेऊन ताठ मानेनं चालती झाली. उन्हात तो असा चमकत होता की माझा जीव जळला. इतकं चांगलं पॉलिश मी क्वचितच केलं असेल.

आता कुणी नाव काढायला भांडं आणलं, की ज्याचं नाव आहे त्याच्याशी आधी फोनवर बोलते, मगच मोटरचं बटण दाबते. गिऱ्हाईकं चिडतात. काही तशीच परत जातात. जाऊ देत.