चालत आलेलं छप्पर

माझा स्वभाव कौतुकाचा नाही. बायको म्हणते, यांना ताजमहाल दाखवला तरी फरशी कुठे फुटलीय तेच बघतील. पण प्रतिभाचं एक काम आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

प्रतिभाचं आळेफाट्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. कांदा साठवायच्या चाळी बांधण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. पिंपरी पेंढारच्या रस्त्याला विद्यापीठाचं उपकेंद्र झालं आणि मुलांच्या सायकलींसाठी निवारा बांधायचं काम तिच्याकडे आलं. फाटकाजवळच्या माझ्या चहाच्या टपरीसमोर तिने खडूने फरशीवर आराखडा काढला. सायकली उलटसुलट उभ्या केल्या तर हँडलात हँडल अडकत नाही, हे गिऱ्हाइकांच्याच सायकली लावून पाहिलं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेचा उतार चांगला खाली आणला. काम देखणं झालं.

चुकली ती जागेत. कांद्याची चाळ रहदारीपासून लांब, वाऱ्याच्या तोंडावर बांधतात. तिचा हात त्याच वळणाचा. तिने निवारा आवाराच्या मागच्या टोकाला, बांधालगत उभा केला. पलीकडचा ऊस तेव्हा नुकताच तुटला होता, सगळं मोकळं दिसत होतं. शेतकऱ्याच्या लेकीला ऊस वाढतो हे काय सांगायचं? पण तेव्हा मलाही सुचलं नाही, नाहीतर मी ऐकवल्याशिवाय राहिलो नसतो.

दिवाळीपर्यंत ऊस डोक्यावर गेला. एका सकाळी निवाऱ्यातल्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे निघाले. संध्याकाळी मुली तिकडे जाईनात आणि सायकल निवाऱ्याबाहेर लावायची नाही, असा कार्यालयाचा नियम. दुसऱ्या वर्षाला असलेल्या अक्षदाच्या गावाला संध्याकाळची एसटी नाही. सायकल निवाऱ्यातच अडकून पडली आणि ती मिळेल त्या गाडीने घरी जाऊ लागली. तिच्या वडिलांनी, कुंडलिकने, माझ्या टपरीतच सांगून टाकलं, "सोमवारी सायकल न्यायला येतो. शिक्षान बास झालं." जागा बदलायचं पुढच्या वर्षी बघू, असं कार्यालय म्हणालं.

हे कळल्यावर प्रतिभा आली. चहा तसाच निवला.

"गोकुळभाऊ, माझ्या चुकीपायी पोरीचं शिक्षान सुटतंय."

मग तिची नजर माझ्या बाकड्यांवर गेली. दिव्याखालची, सदा माणसं असलेली जागा तेवढीच होती.

"ही बाकडी जरा सरकवा."

"आन् ते एवढं धूड हितं आणणार कसं? सुट्टं करून परत जोडायला म्हैना जाईल."

"सुट्टं न्हाई करायचं. हाय तसं चालवत आणू."

तिचं माहेर आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातलं. तिकडे गोठा हलवायचा झाला की गवताचं अख्खं छप्पर गाव उचलून नेतं. पण हे लोखंडाचं. मी तिला वेड्यात काढलं आणि बाकडी मात्र सरकवली.

तिने कार्यालयाला कसंबसं पटवलं. माझ्या दारात काँक्रीट ओतून त्यात बोल्ट बसवले. निवाऱ्याच्या खांबांना खांद्यापेक्षा जरा खाली आडवे बांबू करकचून बांधले. सोमवारी सकाळी, वारा पडलेला असताना, सायकली माझ्याकडे आणून लावल्या आणि खांबांच्या पायाचे नट सोडले. विद्यार्थी, प्राध्यापक, पेंढारचे गडी, फाट्यावरचे मेकॅनिक, सगळे बांबूंखाली उभे राहिले. ताल द्यायला तिने माहेराहून आई आणली होती, गोजरबाई. वाळकी म्हातारी, हातात काठी.

मला राहवेना. "आजी, हे लोखांड हाय."

"गवताचं असू द्या न्हाईतर लोखंडाचं. माणसं एका टायमाला उठली की झालं," ती म्हणाली. मग तिने काठी जमिनीवर आपटली.

छप्पर उठलं. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, ते एवढं धूड जमिनीपासून वीतभर वर आलं आणि चालू लागलं. काठीच्या प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. पत्रा कुरकुरत होता. माझ्या हातातली किटली तशीच राहिली. इतकी माणसं एका श्वासाने चालताना मी कधी पाहिली नव्हती, आणि माझे डोळे भरून आले.

कुंडलिक ठरल्याप्रमाणे आला होता. अक्षदाची सायकल काढून, हँडल धरून रस्त्याकडेला उभा राहून बघत होता. अर्ध्या वाटेत एक कोपरा खाली बसू लागला. त्या बांबूखाली अक्षदा होती.

गोजरबाईने काठी थांबवली. "पावणं, बघता काय? लेकीकडचा कोपरा बसतोय. हात लावा."

त्याने सायकल माझ्या बाकड्याला टेकवली आणि लेकीच्या शेजारी जाऊन बांबूला खांदा लावला. काठी पुन्हा वाजू लागली. छप्पर माझ्या दारात आलं, हळूहळू खाली बसलं आणि खांबांच्या भोकांतून बोल्ट वर आले. प्रतिभाने एकेक नट आवळला.

कुंडलिक बाकड्याकडे आला. त्याने सायकल घेतली, छपराखाली नेली, उभी केली. कुलूप लावलं आणि किल्ली अक्षदाच्या हातात दिली.

"सांजच्याला येळेवर ये," म्हणाला, आणि आला तसा पायीच घरी निघाला.